तुवालूची पाटी

एकशे त्र्याण्णव देशांच्या पाट्या हव्या होत्या,
पैसे होते चाळीस देशांचे.
विश्रामबागेतल्या कॉलेजची पोरं दुकानात येऊन म्हणाली,
"दस्तगीरचाचा, फ्लेक्स नको, हातानं रंगवा,
जगाची परिषद भरवतोय आम्ही."
मी म्हटलं, जग किती दिवस बसणार?
"दोन. जेवण धरून."

मग रंगवले देश.
पांढऱ्या पुठ्ठ्यावर निळा ऑइलपेंट,
तोच निळा, ज्यानं एकोणीसच्या पुरानंतर
मारुती चौकापासून भिंतीभिंतीवर
रेघ मारत गेलो होतो. पाणी इथपर्यंत.
शहर संपल्यावर नदीकाठच्या गावांनी बोलावलं.
रेघेमागं ठरलेले पैसे,
शिडीचं भाडं वेगळं.

देशांना शिडी लागत नाही.
ब्राझील वाळत घातला कट्ट्यावर,
शेजारी नॉर्वे.
फ्रान्सवरून मांजर चालत गेलं,
पावलं तशीच ठेवली.

तासगावचा पोरगा आला,
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांचा.
त्याला अमेरिका मिळाली होती.
"चाचा, अक्षर जरा मोठं करा की."
पुठ्ठा सगळ्यांना एकच आहे, म्हटलं.
खट्टू होऊन गेला.

सगळ्यात शेवटी दुधगावची प्रणोती चौगुले.
वारणाकाठची, एसटीचा पास गळ्यात.
चिठ्ठीत तिला तुवालू निघाला होता.
"हे कुठं आलं गं?"
तिनं मोबाइलवर नकाशा उघडला.
बोट ठेवलं तर देश बोटाखाली गेला,
उचललं तेव्हा दिसला,
मोहरीएवढा.
"समुद्र चढतोय तिथं," म्हणाली,
पलीकडच्या गल्लीतलं सांगावं तसं.
मग थोडं थांबून,
"आमच्या शाळेतली रेघ तुम्हीच मारली ना?
मी सहावीत होते. खाली उभी राहिले,
तर डोक्यावर अजून दोन हात पाणी होतं."

परिषदेला मी मागच्या दाराशी,
कुठल्याशा देशाचा स्टँड मोडला म्हणून बोलावलेला.
कोट घातलेली पोरं. कुणाचा मामाचा, कुणाचा भाड्याचा.
ठराव इंग्रजीत,
भांडणं चहाच्या वेळी, मराठीत.
अमेरिका झक्क बोलला, आकडे तोंडपाठ.
तुवालूला नव्वद सेकंद.

ती उठली. हातात कागद होता,
तो वाचला नाही.
इंग्रजी दोन वाक्यं टिकलं, मग सुटलं.
म्हणाली, पाणी रात्री दोनला आलं.
आधी गोठ्यात, मग ओट्यावर, गॅसपर्यंत.
म्हैस सोडली, ती पोहत गेली.
कुत्र्याला सोडायचं राहिलं.
साखळीला होतं.

अध्यक्ष झालेल्या पोरानं घंटेवर हात ठेवला.
"सन्माननीय प्रतिनिधींनी
आपल्या देशापुरतं बोलावं."
"देशाचंच बोलतेय," ती म्हणाली.

घंटा झाली.

मतदानात ठराव पडला,
एकोणीस विरुद्ध वीस.
एक देश चहाला गेला होता.
अमेरिकेचा हात विरोधात वर होता, मी बघितला.
जेवणाच्या रांगेत मात्र
तो ताट घेऊन तिच्या मागं जाऊन उभा राहिला
आणि हळूच विचारलं,
कुत्र्याचं नाव काय होतं?
तिनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही,
वाढप्यांचा गोंगाट होता.
पण त्यानं भात घेतला नाही,
पळी पुढं आली तरी तसाच उभा.

संध्याकाळी पाट्या मोजून घेतल्या, एकोणचाळीस भरल्या.
स्टँडवर दिसली ती, खिडकीशी,
पुठ्ठा मांडीवर, अक्षरं बाहेरच्या बाजूला.
मी काही बोललो नाही.
कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता पाटी वाचली,
पुन्हा वाचली.
"ही गाडी दुधगावपर्यंतच हाय, पोरी."
"चालंल," ती म्हणाली.